पाच चांदण्यांचा मिस्त्री

माणूस जगात एकटा येतो आणि एकटाच जातो. मधल्या काळात त्याला मिस्त्री लागतो. या नियमातून राजा सुटला नाही, रंक सुटला नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावचे वारलू गुरनुले, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक, हेही सुटले नाहीत.

कारण गंभीर होते. वारलूभाऊंच्या पत्नी भागीरथाबाई यांच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन नागपूरला झाले. गुडघा नवा बसला, टाके सुकत आले, आणि डॉक्टरांनी बजावले की आता उकिडवे बसायचे नाही, या जन्मी नाही. (पुढच्या जन्मावर त्यांनी बंधन घातले नाही.) गुरनुल्यांच्या घरचा संडास मात्र उकिडवे बसण्याच्याच मताचा होता, आणि त्या मतावर तो बावीस वर्षे ठाम होता.

भागीरथाबाई नागपूरला मुलीकडे, रंजीताकडे, टेकल्या होत्या. तिथूनच त्यांनी फोन केला.

"खुर्चीचा संडास बसवून घ्या. तो होयेपर्यंत मी येत नाई."

"अव पन, मी इथी एकटा..."

"एकटे हा म्हनूनच सांगून राह्यली. पत्रूभाऊले बोलवा. बरा हाये."

वारलूभाऊंना सांगायचे होते की तू नाहीस तर घर खायला उठते, आणि भात रोज खालून लागतो. पण एक्केचाळीस वर्षांच्या संसारात असे काही बोलायची पद्धत पडली नव्हती. ते म्हणाले, "गोळ्या टायमावर घेत जा," आणि फोन ठेवून कितीतरी वेळ उगाच अंगणात उभे राहिले.

इथे परगावच्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. वैनगंगेच्या या काठावर 'बरा हाये' ही स्तुतीची शेवटची पायरी समजतात. तिच्या वर मजलाच नाही. धान कोठीत मावेनासे झाले तरी शेतकरी 'बरं झालं' एवढेच म्हणतो. मोहफुले वेचायला गेलेल्या एका गृहस्थांपुढे दहा पावलांवर वाघ उभा राहिला. ते परत आल्यावर लोकांनी विचारले, कसा होता? ते म्हणाले, "बरा होता." खुद्द भागीरथाबाईंना लग्नाआधी आईने विचारले होते, पोरगा कसा वाटला? त्यांनी हेच दोन शब्द उच्चारले, आणि वारलूभाऊ त्या दोन शब्दांवर आजतागायत जगत आले आहेत. (तोंड भरून कौतुक इथे कोणाचे करतात, ते पुढे येईलच.)

तेव्हा पत्रू मिस्त्रीला हाक मारायची, एवढेच काम होते. तो तिसऱ्या गल्लीत राहतो. पण वारलूभाऊंनी एकतीस वर्षे कालव्याच्या पाण्याची उंची आकडे लिहिलेल्या पट्टीवर वाचली होती. पट्टीवर दिसते ते पाणी आणि डोळ्यांना दिसतो तो भास, हे त्यांचे तत्त्व होते. शेतकरी कालव्यात उभा राहून "सायेब, पानी नाई" म्हणून ओरडत असे, तेव्हाही ते आधी पट्टी पाहत. अशा माणसाला बायकोच्या दोन शब्दांवर संडास बांधणे जड गेले. त्यांना आकडा हवा होता.

आकडा देणारी संस्था मोबाइलवर होती. तिचे नाव 'भरवसापेढी', आणि मुख्य कचेरी पुण्यात सातव्या मजल्यावर. वर्गणी भरली की पेढी तुमच्या जिल्ह्यातल्या मिस्त्री, सुतार, रंगारी, प्लंबर यांच्याबद्दल लोकांचे अभिप्राय देते आणि प्रत्येकाला पाचपैकी चांदण्या लावते. अशा संस्था देशाचे भूषण आहेत. पेढीच्या अहवालाप्रमाणे ९७ टक्के ग्राहकांनी पुन्हा कधीच तिची सेवा घेतली नाही, यावरून पहिल्याच खेपेला काम किती पक्के होते ते सिद्ध होते.

सभासदत्व तीन प्रकारचे होते. तांब्याच्या सभासदाला मिस्त्र्यांची नुसती नावे कळत. चांदीच्या सभासदाला चांदण्या आणि अभिप्राय दिसत. सोन्याच्या सभासदाला तेच अभिप्राय देणाऱ्याच्या मूळ आवाजात ऐकता येत. वारलूभाऊंनी सरकारी सवयीने मधला पर्याय घेतला. मग चौतीस प्रश्नांचा अर्ज भरला. 'तुमच्या स्वप्नातल्या घराचे एका शब्दात वर्णन करा' या प्रश्नापुढे त्यांनी 'संडास' असे लिहिले आणि ते मनापासून लिहिले होते.

अभिप्राय गोळा करण्याची पेढीची रीत शास्त्रशुद्ध आहे. काम संपले की पुण्याहून एक मुलगी फोन करते. ग्राहक काय बोलला ते ध्वनिमुद्रित होते. मग 'भाषाशुद्धी व भावमापन विभाग' त्या बोलण्याचे नीटस मराठीत रूपांतर करून त्यातल्या कौतुकाच्या वजनाप्रमाणे चांदण्या ठरवतो. (या विभागात माणूस ठेवलेला नाही. माणसे ठेवली की चुका होतात.)

वारलूभाऊंनी चष्मा पुसून यादी उघडली. तिसऱ्या गल्लीतला पत्रू अगदी तळाशी होता: दोन पूर्णांक एक चांदणी. अभिप्राय असे: 'मध्यम.' 'मध्यम.' 'सांगण्यासारखे काही नाही.' 'मध्यम.' वारलूभाऊंना भागीरथाबाईंच्या भोळेपणाचे हसू आले.

आणि शिखरावर होते गोंडपिपरीचे प्रफुल, 'प्रफुल ड्रीम होम्स'चे मालक. चार पूर्णांक नऊ. त्यांच्याबद्दल लिहिले होते: 'अत्यंत कलावंत वृत्तीचे गृहस्थ आहेत.' 'हा अनुभव आजन्म विसरता येणार नाही.' 'त्यांचे चरण वंदनीय आहेत.' 'त्यांच्या सहवासात ईश्वराचे नित्य स्मरण घडते.' एका कुटुंबाने तर कळवले होते की ते आता घरातलेच झाले आहेत, चार महिने झाले, अजून काम सुरूच आहे. वारलूभाऊ भारावून गेले. संडासाबरोबर ईश्वराचे स्मरणही मिळणार, हे त्यांच्या अपेक्षेबाहेरचे होते.

प्रफुल गळ्यात गॉगल अडकवून आले. त्यांनी जुन्या संडासाचे सात फोटो काढले आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले.

"काका, टेन्शन नोका घेऊ. चार दिवसांचं काम. पन सारा खेळ स्लोपचा असते. स्लोप पायजे!"

स्लोप म्हणजे उतार. हा शब्द ऐकताच वारलूभाऊंच्या उरल्यासुरल्या शंकांचे समाधान झाले. उतार चुकला म्हणून त्यांनी दोन कंत्राटदारांची बिले अडवली होती. उताराला नाही म्हणणे त्यांच्या रक्तात नव्हते.

चार दिवसांचे काम तेरा दिवसांत उरकले. या तेरा दिवसांत वारलूभाऊंना ईश्वराचे स्मरण खरोखरच घडले, विशेषतः पहाटे, डबा घेऊन बाहेर पडताना. अखेर प्रफुलांनी दार उघडून दाखवले. आत साडेतीन फूट उंच चौथरा होता. त्याला मोराच्या टाइल्स लावल्या होत्या. चढायला पाच पायऱ्या होत्या. आणि सर्वांत वर, पत्र्यापासून हातभर खाली, पांढरीशुभ्र खुर्ची विराजमान होती. मान थोडी झुकवली की माणूस तिच्यावर आरामात बसू शकत होता. हवा खेळती राहावी म्हणून बसणाऱ्याच्या तोंडासमोर खिडकीही ठेवली होती.

वारलूभाऊंनी स्वतः चढून चाचणी घेतली. खिडकीतून तलाव दिसला, बसस्टँड दिसले, आणि सायकलवरून चाललेला गावातला सुकलूही दिसला. दुर्दैवाने सुकलूलाही ते दिसले.

"राम राम, वारलूभाऊ!" सुकलू ओरडला.

"राम राम," वारलूभाऊ म्हणाले. दुसरे काय म्हणणार? त्यांनी मनाशी घोकले: चार पूर्णांक नऊ.

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई गाडीने आल्या. रंजीताने हात धरला होता. घरात पाय न टाकता त्या वॉकर टेकत थेट अंगणातल्या संडासाकडे गेल्या, कारण नागपूर ते सावली हा रस्ता लहान नाही. दार उघडले. त्यांनी पहिली पायरी पाहिली, दुसरी पाहिली, आणि नजर हळूहळू वर नेली.

"हे काय होय जी?"

"खुर्चीचा संडास."

"आन् पायऱ्या काऊन?"

"स्लोपसाठी."

भागीरथाबाईंनी पायऱ्या मोजल्या. मग म्हणाल्या, "वर पुजारी कोन बसवला?"

रंजीताने तोंडाला ओढणी लावली. वारलूभाऊ पट्टी वाचावी तसे खाली पाहत राहिले.

"लय मोठा कलाकार आनला जी तुमी," भागीरथाबाई म्हणाल्या आणि वॉकर फिरवला. "रंजीता, गाडी थांबव."

शेजारच्या उर्वशीबाई धावत आल्या. त्यांच्याकडे सासूसाठी बसवलेली खुर्ची होती, चौथऱ्याशिवायची. त्यांनी भागीरथाबाईंना हाताला धरून घरी नेले. जाता जाता भागीरथाबाई एवढेच बोलल्या, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी नागपूरले."

वारलूभाऊ पहिल्या पायरीवर बसले. बायको भिंतीपलीकडे होती आणि संडासापायी पुन्हा चालली होती. पण त्यातही दोन शब्द डोक्यात वाजत होते: मोठा कलाकार. हे आपण कुठेतरी वाचले आहे. 'अत्यंत कलावंत वृत्तीचे गृहस्थ.' त्यांनी तिथेच बसून सोन्याचे सभासदत्व घेतले आणि मूळ आवाज लावले.

"अजी बाई, लय मोठा कलाकार हाये तो!"

"एकदा बोलावून तं पाहा. जल्मभर विसरनार नाई!"

"त्याचे पाय धुऊन पानी प्याले पायजे, बाई!"

"रोज सकारी देवाले हात जोडतो. म्हनतो, बा, याले तरी ने, नाई तं मले ने!"

नंतर पत्रूचे आवाज लागले. अठरा माणसे, अठरा वेळा: "पत्रू? बरा हाये जी."

वारलूभाऊंना आधी घाम फुटला आणि मग हसू फुटले. मोराच्या टाइल्सना पाठ टेकून ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता पाणी कशाचे, ते त्यांनाही नीट सांगता आले नसते. मग उठून त्यांनी चप्पल घातली आणि तिसरी गल्ली गाठली.

पत्रू तंबाखू मळत बसला होता. "मले मालूमच होतं," तो म्हणाला. "सुकलूनं रस्त्यावरून राम राम घातला तवाच."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"आता कोनाच्या संडासात आपून कायले पडाव, भाऊ?"

पत्रूने दीड दिवस घेतला. चौथरा फोडला, मोर पोत्यात भरले, पाइप दुसऱ्या बाजूने काढला. तिकडे उतार आधीपासूनच होता. कोणी विचारले नव्हते एवढेच. खुर्ची जमिनीवर आली, भिंतीला धरायला लोखंडी दांडी आली आणि खिडकी छताजवळ गेली. पत्रू हात धुऊन निघून गेला. फोटो काढला नाही.

भागीरथाबाई आत गेल्या. कडी लागली. वारलूभाऊ बाहेर भिंतीला हात लावून उभे राहिले. कालव्याचे पहिले पाणी सोडतानाही त्यांचे काळीज इतके धडधडले नव्हते. पाणी वाहिल्याचा आवाज आला. कडी निघाली.

"कसा हाये?"

"बरा हाये," भागीरथाबाई म्हणाल्या. मग वॉकर घराकडे वळवत म्हणाल्या, "आज भात मी लावतो. तुमच्या करपल्या भाताचा वास उर्वशीच्या घरापर्यंत येते."

वारलूभाऊंना तो दिवस दिवाळीसारखा गेला.

चार दिवसांनी पुण्याहून फोन आला. "सर, प्रफुल सरांच्या कामाबद्दल काय सांगाल?" वारलूभाऊंनी सगळे पाठ करून ठेवले होते. 'लबाड' हा शब्द जिभेच्या टोकावर होता. पण परक्या मुलीसमोर, तेही दूरच्या गावच्या, एखाद्याची निंदा करायची म्हणजे झाडीपट्टीच्या, आमच्या या वैनगंगेकाठच्या, माणसाला अवघड जाते. त्यांनी घसा खाकरला.

"बाई, लय मोठा कलाकार! एकदा बोलावून पाहा. जल्मभर विसरनार नाई!"

"वा, थँक्यू सर! आणि तुमच्याच गावचे पत्रू आमच्या यादीत आहेत, त्यांचं काम?"

फोन भागीरथाबाईंकडे गेला. त्यांनी थोडा विचार केला. मनात होते ते सगळे, गुडघ्याच्या कळांपासून स्वतःच्या चुलीपर्यंतचे, त्यांनी त्या मुलीला मोकळेपणाने सांगून टाकले:

"बरा हाये."

प्रफुल आता पूर्ण पाच चांदण्यांवर आहेत आणि पेढीने त्यांना 'गृहशिल्परत्न' हा किताब दिला आहे. पत्रू दोनवर आला. त्याला हे कळवले तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. पाच झाल्या असत्या तं पुन्यावरून बोलावनं आलं असतं."

आम्ही आरंभापासून या पेढीची तोंड भरून स्तुती केली आहे. ती वाचून ज्यांनी मध्येच वर्गणी भरली असेल, त्यांनी आपल्याकडे किती पायऱ्या निघाल्या ते अवश्य कळवावे. गोष्टीबद्दल कळवायचे असेल तर 'बरी हाये' पुरे. 'अप्रतिम' लिहू नये, आम्हीही सावलीचेच आहोत. आणि वाचकहो, घरात, कचेरीत, लग्नाकार्यात लोकांनी आजवर तुमचेही पुष्कळ कौतुक केले असेल. ते मूळ आवाजात ऐकायची हिंमत असेल, तर सोन्याचे सभासदत्व वर्षभर खुले आहे.