सायकलपट्टा पळवणारे हात

मी उल्हास खांबेटे. हे नाव वाचून तुमच्या छातीत धडधडलं नसेल, तर तुम्ही एकतर निर्दोष आहात, नाहीतर मला ओळखत नाही. दुसऱ्या गटातली माणसं जरा जास्त आहेत, पण ती चूक त्यांची.

बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात मी बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. नटबोल्टांचा इन्स्पेक्टर, असं माझी बायको विद्या लगेच मागून सांगते. सांगू दे. हजार नटांतला एक वाकडा नट ज्याला सापडतो, त्याला माणसांतला वाकडा सापडायला कितीसा वेळ लागणार? निवृत्तीनंतर मी मारतहळ्ळीजवळच्या आमच्या श्रीरंग लेआउटात, म्हणजे कॉलनीत, चौतीस प्रकरणं हाताळली. सुटली किती, असं विचारणाऱ्यांशी मी बोलत नाही. माझा मेंदू चोवीस तास चालू असतो. झोपेतसुद्धा मी सूचना देतो, आणि त्या पाळल्याही जातात.

पस्तिसावं प्रकरण गुरुवारी सकाळी नऊ वाजता आलं. मी उप्पीट खात होतो.

"साहेब, पट्टा गेला की पुन्ना," दारातून देवाप्पा म्हणाला.

देवाप्पा म्हणजे आमचा फुलवाला. मूळ निपाणीकडचा, पण चाळीस वर्षं बंगळुरात. रोज के. आर. पुरमहून सायकलवर टोपली बांधून येतो आणि लेआउटभर मोगरा, शेवंती विकतो. त्याला मी आत बसायला सांगितलं. तो बसला नाही, त्याचा गुडघा दुखत होता.

पट्ट्याची भानगड आमच्या लेआउटात सगळ्यांना ठाऊक होती. आमचा थर्ड क्रॉस हा अरुंद रस्ता. सायकलवाले म्हणतात, गाड्या लावून आमची वाट अडवता. गाडीवाले म्हणतात, तुम्ही रोड टॅक्स भरता का? यावरून लेआउटच्या व्हॉट्सॲप गटात इतकी चिखलफेक झाली की तीन जण गट सोडून गेले आणि शिव्या वाचायला परत आले. शेवटी असोसिएशननं तोडगा काढला. घरांच्या बाजूनं सायकलींसाठी एक पट्टा आखायचा, पण कच्चा, कबड्डीच्या मैदानावर मारतात त्या पांढऱ्या फक्कीचा. दोन आठवडे बघायचं. रविवारी दहा वाजता कमिटी जागेवर येणार. पट्टा दिसला आणि गाड्या त्याच्या बाहेर राहिल्या, तर पक्का रंग. नाही दिसला, तर पुन्हा पार्किंग.

"सायकलवाली पोरं रोज संध्याकाळी फक्की मारत्यात," देवाप्पा म्हणाला. "सकाळी सातला मी येतोय तर पट्टा न्हाई. रस्ता धुतल्यागत ओला—"

"मुद्द्याचं बोला," मी हात वर केला. "रस्त्याच्या स्वच्छतेचं मला नका सांगू."

"मुद्दा काय साहेब. गेल्या म्हैन्यात शिवकुमारसाहेबांनी गाडीचं दार उघडलं, मी फुलांसकट आडवा. पोरगा म्हणतोय, आनि एकदा पडलास तर सायकल भंगारात घालतो. पट्टा ऱ्हायला तर सायकल ऱ्हाईल. सायकल गेली तर मी घरात बसून काय करू? भिंती बघू?"

 मला खरंच वाईट वाटलं. मी उप्पीट खाली ठेवलं, आणि गरम उप्पीट मी सहसा कुणासाठी खाली ठेवत नाही.

त्यानं फी म्हणून केळीच्या पानात बांधलेला गजरा पुढे केला. मी नको म्हणेपर्यंत विद्यानं तो केसांत माळला. आता माघार शक्य नव्हती.

"रविवारी दहा वाजता," मी म्हणालो, "सगळ्यांसमोर मी चोराचं नाव घेईन. खांबेट्यांचा शब्द आहे!"

मी ताबडतोब, म्हणजे अंघोळ करून साडेअकराला, घटनास्थळी पोचलो. सामान्य माणसाला तिथे काही दिसलं नसतं. मला तीन पुरावे दिसले. पहिला, रस्त्याच्या कडेला उरलेली ओल. रस्ता ओला म्हणजे इथे कुणीतरी गाडी धुतली. दुसरा, एक बारीक लांब काडी. दात कोरायची. म्हणजे गुन्हेगार जेवून आला होता, आणि दातांत फटी असल्यामुळे वय पन्नासच्या पुढे. विद्या म्हणाली, ती हिराच्या झाडूची काडी आहे. मी ती पाकिटात घातली. काडी, विद्या नव्हे.

तिसरा पुरावा सर्वांत भयंकर होता. त्या बाजूच्या आठही घरांच्या दारात ताजी रांगोळी होती आणि एकीलाही धक्का लागलेला नव्हता. म्हणजे गुन्हेगार एकाही घरातून चालत बाहेर आला नव्हता. म्हणजे तो गाडीतून आला होता.

"अहो, पहाटे उठून एकदा बघा की," विद्या म्हणाली.

"पहाटे उठण्याइतकी शिस्त असती, तर त्यानं गुन्हा कशाला केला असता?" मी विचारलं.  

मी शिवकुमारच्या दारावर थाप मारली. त्याची गाडी आमच्या हॉलएवढी आहे आणि हॉलपेक्षा जास्त वेळा धुतली जाते. माझं कन्नड उत्तम आहे, फक्त त्यातले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं एवढेच शब्द वेळेवर आठवतात, म्हणून दुभाषी म्हणून विद्याला नेलं होतं.

"हे सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत, उलटे येतात, वर आम्हालाच ओरडतात," शिवकुमार तावातावानं म्हणाला. "मी पट्टाबिट्टा मानत नाही. पण पुसायला मला वेळ कुठे आहे?"

"दात दाखवा," मी म्हणालो.

विद्यानं हे भाषांतर करायला नकार दिला, तेव्हा मी स्वतःचे दात दाखवून त्याला समजावलं. त्यानं दार लावून घेतलं, पण तेवढ्यात मला दिसलं, की त्याच्या दातांत एकही फट नाही आणि वय चाळिशीच्या आत. माणूस पूर्ण तयारीनिशी उतरला होता. मागे जिन्यात त्याची आई महानंदाअक्का उभ्या होत्या. त्या विद्याच्या केसांतल्या गजऱ्याकडे बघत राहिल्या.

खरा गुप्तहेर एकाच संशयितावर थांबत नाही. दुपारी मी ध्रुवला गाठलं. हा पुण्याचा मुलगा कॉम्प्युटरवाल्या कंपनीत आहे आणि इतक्या घट्ट चड्डीत सायकल चालवतो, की त्याच्याशी बोलताना मी आभाळाकडे बघतो. पट्टा मारणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या.

"पट्टा तुम्हीच पुसता," मी एकदम वार केला. "सहानुभूती मिळवायला!"

"काका, सीरियसली? गाडीवाले ओव्हरटेक करताना आरशानं कोपर ढकलतात आमचं. सहानुभूती अजून यायचीये," तो म्हणाला. "आणि फक्की संपत आलीये. शनिवारी संध्याकाळी शेवटचं पोतं. ते गेलं की खेळ खलास."

शुक्रवारी मी वाऱ्यावर संशय घेतला आणि शनिवारी एका गाईवर, पण गाईला हेतू नव्हता. अखेर शनिवारी संध्याकाळी सगळं डोक्यात लख्ख झालं. शिवकुमारनं गाडीखाली ओलं पोतेरं बांधलं होतं आणि तो पट्ट्यावरून पुढेमागे गाडी चालवत होता. मी त्याची आकृतीही काढली. विद्यानं ती बराच वेळ पाहिली.

"हे पोतेरं आहे होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, गाय आहे."

रविवारी तिनं मला गदागदा हलवून उठवलं. साडेआठ वाजले होते.

"उठा. नवं गिऱ्हाईक आलंय. आणि पट्टा गेलाय."

दारात कृष्णाबाई उभी होती. ही आमच्यासकट त्या आठही घरांचा केरवारा आणि सडा-रांगोळी करते. हातात झाडू, चेहरा रागानं लाल.

"साहेब, तुम्ही चोर धरतासा म्हणं. माझा बी एक धरा."

मी उशीखालून वही काढली. प्रकरण छत्तीस. "बोला."

"रोज संध्याकाळी कोण मेलं रस्त्यावर पांढरं ओतून जातंय! रोज साडेपाचला बादल्या ओतायच्या, झाडूनं घासायचं. आठ दारं! कंबर गेली माझी. दोन आठवडं सोसलं, आता न्हाई सोसत."

"पांढरं?" मी लिहून घेतलं. "विषारी असू शकेल. पण कृष्णाबाई, आज मी दुसऱ्या एका फार मोठ्या प्रकरणात गुंतलोय. तुमचं सोमवारी बघू."

विद्यानं चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"कृष्णाबाई, दाराबाहेरचा रस्ता धुवायला तुला सांगितलं कुणी?"

"कोण म्हणजे? ह्या साहेबांनी की! पैल्याच दिवशी मी इचारलं, ह्या पांढऱ्याचं काय करू, तर खिडकीतनं वरडले, ती पांढरी घाण पार रस्त्याच्या मध्यापर्यंत धुऊन काढ म्हणून. आनि एका दारात धुतलं म्हटल्यावर बाकीची सात दारं गप बसत्यात होय? समद्यांना पाहिजे!"

 मी वहीतला छत्तीस खोडला. मग पस्तीसही खोडावासा वाटला.

"मला काही आठवत नाही," मी म्हणालो.

"कसं आठवेल? झोपेत होतात," विद्या म्हणाली. "तुमचा मेंदू चोवीस तास चालू असतो ना!"

तिनं कृष्णाबाईला सगळं समजावून सांगितलं. पट्टा कशाचा, कुणासाठी, आणि दहा वाजता काय होणार. कृष्णाबाई मटकन उंबऱ्यावर बसली.

"अगं बाई! देवाप्पाअण्णाची वाट मी पुसत होते व्हय? रोज माझ्या देवाला फूल देतोय तो, एक दिवस चुकवला न्हाई. मला कुणी सांगायचं तरी!"

मी बंडीवरच ध्रुवकडे धावलो. पोतं रिकामं होतं. परत येऊन ही वार्ता दिली, तर कृष्णाबाई पदर खोचून उभी.

"फक्की कशाला पाहिजे? आठ घरांत रांगोळीचं डबं हैत न्हवं?"

मग जे झालं ते मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेलं नाही. आठ घरांतून आठ डबे निघाले. पहिला महानंदाअक्कांचा. "त्या दिवशी दार माझ्या मुलानं उघडलं होतं," एवढंच त्या विद्याला कन्नडात म्हणाल्या आणि खाली बसल्या. दोन सरळ रेघा, मधे ठिपके, ठिपक्यांतून कमळं, आणि सुरुवातीला एक थोरली सायकल. तिचं पुढचं चाक ताट पालथं घालून काढलं आणि मागचं परात, त्यामुळे ती कायम उतारावर असल्यासारखी दिसत होती. ध्रुव लाल रंग भरत होता. मला डबा धरायचं काम मिळालं. मी तो उत्तम धरला.

दहाला पाच मिनिटं कमी असताना शिवकुमारची गाडी पेट्रोल भरून वळणावर आली आणि सवयीनं डावीकडे घुसली. मग करकचून थांबली. समोर महानंदाअक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यानं एकदा हॉर्न वाजवला.

"घाल चाक," त्या म्हणाल्या. "घाल, बघते मी."

हे कन्नड मला भाषांतराशिवाय कळलं. शिवकुमार मुकाट्यानं मागे गेला, गाडी मेन रोडला लावून चालत आला. पाठोपाठ कमिटीच्या चारही गाड्या आल्या, थबकल्या आणि मागे गेल्या. पाटीला न भिणारे, पोलिसाला न भिणारे लोक रांगोळीच्या कडेकडेनं, चोरासारखे पावलं टाकत आले.

तेवढ्यात देवाप्पाही आला. पट्टा बघून त्याचा आ वासला. तो सायकलवरून उतरला आणि पट्ट्याबाहेरून, भर रस्त्यातून, सायकल हातात धरून लंगडत चालू लागला.

"अहो मामा, पट्ट्यातून जा ना! तुमच्यासाठीच आहे!" ध्रुव ओरडला.

"रांगोळीवर चाक घालू? काय बोलतासा!"

 जगातला सर्वांत सुरक्षित रस्ता तयार झाला होता, कारण त्यावरून कुणालाच जाता येत नव्हतं. कमिटीचे अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले.

"अण्णा," कृष्णाबाई पुढे झाली, "ही बघायला न्हाई काढली. तुला जायला काढलीया. मोडली तर उद्या पुन्ना काढीन. बस सायकलवर."

 देवाप्पानं चपला काढल्या, हँडलला अडकवल्या, पट्ट्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि अनवाणी पायांनी सायकल मारत निघाला. कमळांवरून, ठिपक्यांवरून, पार टोकापर्यंत. टोकाला जाऊन त्यानं घंटी वाजवली. मला भरून आलं, हे मी स्पष्ट सांगतो. डबा हातात होता, म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

कमिटीनं आणि जमलेल्या सगळ्यांनी हात वर केले. शिवकुमारनं आधी आईकडे पाहिलं, मग सर्वांत शेवटी हात वर केला. पक्का रंग मंजूर झाला.

"साहेब," देवाप्पा परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्ही शब्द दिलता. चोर कोण?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या खिशात पोतेऱ्याची आकृती होती आणि शिवकुमार तीन पावलांवर उभा होता. पलीकडे कृष्णाबाई पदराचं टोक मुठीत आवळून खाली बघत होती. तिची आठही घरं त्या गर्दीत उभी होती. विद्या माझ्याकडे बघत होती, आणि यावेळी तिनं मागून काहीही सांगितलं नाही.

मी घसा खाकरला.

"चोर मी आहे."

 सगळा थर्ड क्रॉस खो खो हसला. शिवकुमारनं माझ्या पाठीवर थाप मारली. अध्यक्ष म्हणाले, खांबेटेसाहेब म्हणजे भारी विनोदी माणूस. देवाप्पा तर दुखरा गुडघा धरून हसत होता. पस्तीस प्रकरणांत पहिल्यांदाच मी बरोबर माणसाचं नाव घेतलं होतं, आणि ते एकालाही खरं वाटलं नाही.