मार्गदर्शकांचा जबडा

"तुम्हाला नीट जखमी होता येत नाही," असं म्हणून बाबा स्वतःच स्ट्रेचरवर आडवे झाले.

स्ट्रेचर म्हणजे दोन काठ्या आणि एक चादर. शाळेच्या हस्तकलेच्या खोलीत बाकं भिंतीकडे सारून ते जमिनीवर मांडलं होतं. भोवती नव्या स्काउट पथकाची आठ मुलं, हातात दोर घेऊन. आणि कपाटाशी पथकाच्या बाई, म्हणजे हस्तकलेच्या शिक्षिका, म्हणजे बाबांची सून.

थोड्या वेळात तपासनीस बाई येणार होत्या. त्यांनी मान्यता दिली तर मुलं सुट्टीत डोंगरावरच्या शिबिराला जाणार. नाही दिली तर पथक बंद, आणि शनिवारची ही वेळ गणिताच्या जादा तासाला. गणिताचे सर दोनदा येऊन खोली पाहून गेले होते. फळा कुठे टांगायचा तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

नव्या पथकाला पहिलं वर्ष एका अनुभवी मार्गदर्शकाचा आधार असावा, असा नियम होता. अनुभव कसला, ते नियमात लिहायचं राहून गेलं होतं. बाबांनी लहानपणी एकदा स्काउटची टोपी घातली होती. भावाची. बाकी सगळी हयात विमा कचेरीत गेली. निवृत्त झाल्यापासून ते कुकरच्या शिट्ट्यांना, भांडी घासणाऱ्या बाईला आणि सासूबाईंच्या दुपारच्या झोपेला मार्गदर्शन करत होते. शेवटी सासूबाईच सुनेला म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या पोरांना आधार हवाय ना? ह्यांना घेऊन जा. अख्खे घेऊन जा."

सूचना: दोर छातीवरून घ्या. नाही, अगोदर खालून.

"बाबा, त्यांना येते ती गाठ," सून म्हणाली. "मागच्या वेळी बाकाला बांधून दाखवली की त्यांनी."

"बाकाला कुणीही बांधेल. बाक काय वळवळतो? जखमी माणूस वळवळतो." बाबांनी वळवळून दाखवलं.

सूचना: डावं टोक उजवीकडून आत.

"कुणाचं डावं, सर?" लंबूने विचारलं. उंचीवरून त्याला सगळे लंबू म्हणत. जखमी तोच होणार होता, पण बाबांनी त्याची जागा घेतली होती.

"माझं!"

"पण तुम्ही उताणे आहात. तुमचं डावं म्हणजे आमचं..."

"स्काउट वाद घालत नाही!"

संघनायिका ठिणगी मुकाट्याने दोर ओढत होती. तिला गाठ येत होती. पण बाबांनी सांगितलेली गाठ कुणालाच येणं शक्य नव्हतं, कारण ती जगात नव्हती. बघता बघता खांद्यापासून घोट्यापर्यंत बाबांचं छान गाठोडं झालं.

"शाबास! आता सोडा."

सूचना: ते ओढा. ते नाही, ते! दोन्ही ओढा!

दोन्ही ओढल्यावर बाबांच्या तोंडून सूचनेऐवजी नुसती हवा बाहेर आली. गाठ आवळली होती. प्रत्येक सूचनेगणिक आणखी आवळत गेली.

सुनेने कपाट उघडलं. हस्तकलेच्या खोलीत कात्र्यांना काय तोटा!

"खबरदार!" बाबा ओरडले. "दोर कापतो तो स्काउट नव्हे! गेला तासभर काय सांगत होतो मी?"

"तासभर हेच सांगत होता, बाबा. पण तुम्ही असे..."

"तपासनीस बाईंना दोराचे तुकडे दिसले, की संपलं तुझं पथक!"

त्यात तथ्य होतं, हीच पंचाईत होती. सुनेने कात्री ठेवून दिली, आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. तपासनीस बाई वेळेच्या आधीच आल्या होत्या.

"सरांना कपाटात ठेवायचं?" लंबूने विचारलं.

"कपाटात रंगीत कागद आहेत," सून म्हणाली. म्हणजे तिने विचार केला होता.

"जखमी म्हणूनच राहू देत," ठिणगी म्हणाली. "प्रथमोपचार दाखवायचाच आहे आपल्याला. सर, फक्त तुम्ही बोलू नका."

"मी कशाला बोलू? मी काय मधेमधे बोलणारा माणूस आहे? आणि हे बघ, तंबूची खुंटी तिरकी ठोका, आणि लंबूला पुढे उभा करू नका, आणि सलाम करताना..."

ठिणगीने पट्ट्यांची पेटी उघडली. "सर, लागलंय कुठे तुम्हाला?"

"पायाला. डाव्या."

"पायाला लागलेला माणूस बोलतो," ठिणगी म्हणाली. "जबडा बरा."

तिने बाईंकडे पाहिलं. सून म्हणून तिने नको म्हणायला हवं होतं. पण ती पथकाची बाई म्हणून उभी होती. तिने मान डोलावली. बाबांच्या हनुवटीखालून गेलेली पट्टी टाळूवर घट्ट बसली.

सूचना: म्मऽम्म.

मुलांनी स्ट्रेचर उचलून अंगणात, झाडाच्या सावलीत ठेवलं. तपासनीस बाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा अशा माणसाचा होता, ज्याने फार तंबू पाहिलेत आणि ज्याला एकातही झोप आलेली नाही.

तंबू उभा राहिला. तंबू पडला. बाबांच्या भुवया केसांपर्यंत गेल्या. लंबूने एकदा त्या भुवयांकडे पाहिलं, मग खुंटीकडे, आणि सरळ पाठ फिरवली.

"गाढवा, दोर सैल सोडलास!" ठिणगी लंबूवर ओरडली.

"तू धरायला हवा होतास!"

"मग आता धरते. ठोक!"

दुसऱ्यांदा तंबू उभा राहिला तो राहिलाच. कुणी सांगितलं नसताना दोन मुली पाणी घेऊन आल्या आणि जखमीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून गेल्या.

सूचना:

"मार्गदर्शक कुठे आहेत यांचे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"ते काय, तुमच्यापुढेच," लंबू म्हणाला.

"बोलत नाहीत?"

"जबडा मोडलाय त्यांचा."

"अरे बापरे! कधी?"

"तुम्ही आलात तेव्हा."

हा प्रथमोपचाराचा जखमी, हे ओळखून तपासनीस बाई उठून स्ट्रेचरपाशी गेल्या आणि वाकल्या. बाबांनी डोळ्यांनी सगळं सांगायचा प्रयत्न केला.

"कमाल आहे हो तुमची!" त्या म्हणाल्या. "मी कुठंही जावं, तर मुलं रांगेत उभी आणि मार्गदर्शक खुंट्या ठोकतायत. तंबू कलला की मुलांच्या आधी तेच धावतात. तुमच्या डोळ्यांदेखत अख्खा तंबू पडला, तुम्ही हललासुद्धा नाहीत! हा संयम कुठून आणता?"

"म्मऽम्म!"

"बघा, आताही मुलांनी घातलेली पट्टी काढायला तयार नाहीत." दोराच्या वेढ्यांतून बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं बाहेर आली होती. स्काउट डाव्याच हाताने हस्तांदोलन करतात, म्हणून तपासनीस बाईंनी ती दोन बोटं आदराने हलवली. "मान्यता दिली. आणि बाकीच्या नव्या पथकांना तुमची ही पद्धत दाखवायला तुम्ही यायचं. येणार ना?"

"म्मऽऽऽ!"

"ठरलं तर."

गाडी गेली. मुलांनी शिबिराच्या नावाने असा काही ओरडा केला की गणिताचे सर हस्तकलेच्या खोलीच्या खिडकीत आले, आणि फळ्याची जागा डोळ्यांनी एकदा पाहून परत गेले.

ठिणगी स्ट्रेचरजवळ बसली. तिने एक टोक शोधलं, ओढलं नाही, उलट आत सरकवलं. मग दुसरं. दोर निमूटपणे सुटत गेला. सुनेने पट्टी सोडली.

बाबा उठून बसले. त्यांनी जबडा इकडून तिकडे फिरवून पाहिला. "मघाशी का सुटत नव्हती गं?"

"मघाशी तुम्ही सांगत होतात ना, सर, कशी सोडायची ते."

मुलं हसली. बाबाही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. "ऐकलंस सूनबाई? सांगितलेलं मुरतं कुठेतरी! आता बाकीच्या पथकांना काय काय सांगायचं, ते मी तुला वाटेत सांगतो. आणि घरी गेल्यावर तुझ्या सासूला सविस्तर."

"हो बाबा," सून म्हणाली.

ती पट्टीची गुंडाळी करत होती, सुरकुत्या काढत, अगदी मन लावून. पट्ट्यांची पेटी शेजारीच उघडी होती. तिने पेटीचं झाकण लावलं आणि गुंडाळी आपल्या पर्समध्ये टाकली.