विनाथांबा जनरल

दुसरं महायुद्ध एसटीच्या ड्रायव्हरांनी लढलं, असं आमच्या मारोतभाऊंचं ऐकून कुणालाही वाटेल. भाऊ गोंडपिपरीतले माझे शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. निवृत्तीनंतर मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता त्यांना रणगाड्यांचा एक जर्मन जनरल सापडला आणि त्यांनी त्याला थेट आपल्या डेपोत भरती करून घेतलं.

"फ्रान्समधी विनाथांबा गाडी सोडली पठ्ठ्यानं," ते सांगत. "मांगून साहेब लोक बोंबलून राह्यले, थांब, थांब. हा कायले थांबते?"

हिटलर म्हणजे 'मोठा साहेब'. कुणाच्या लग्नाचा नाहीतर निवडणुकीचा बेत कानावर आला की भाऊंचा पहिला प्रश्न, "डिझेल कुठी हाय? जनरलचंबी तिथीच अडलं, रशियात."

मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. हा माणूस एका खुनी राजवटीची चाकरी करत होता, हे मी त्यांना दहादा सांगून पाहिलं. "तेच तं!" म्हणत ते खुशाल पुढं जात. माझा जीव नुसता चडफडायचा.

भाऊंचा एकुलता मुलगा प्रदीप गडचिरोलीला पोलिसात होता. जंगलात सुरुंगाच्या स्फोटात गेला. तेव्हापासून भाऊंनी त्याचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नाही. त्यांच्या पत्नी शांताबाई एकदा कुंपणापाशी मला म्हणाल्या, "गुरुजी, त्या जर्मनवाल्याचं सारं सांगतेत. माह्या पोराचं नाव तेवढं घेत नाईत. मी एकटीनं किती आठवू त्याले?"

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आम्ही अंगणात खाटेवर बसलो होतो. कथा पुन्हा रशियात पोचली होती. बर्फ, गोठलेली इंजिनं, "आन् प्रवासी मरून राह्यले!" मग जनरलनं मोठ्या साहेबाचा हुकूम मोडून गाड्या मागं घेतल्या.

"सस्पेंड झाला. गेला घरी, बायकोजवळ. खतम."

भाऊ नेहमी इथंच संपवत. त्या दिवशी मला मास्तरकीची हुक्की आली. "खतम कुठं, भाऊ? साहेबानं पुन्हा बोलावलं आणि हा गेला की. युद्ध संपत आलं तरी चाकरी करत होता."

"मले माहीत हाय."

"मग ते सांगत काऊन नाही?"

भाऊंनी मोबाईल खाटेवर पालथा ठेवला.

"प्रदीप शेवटच्या सुट्टीवर आल्ता," ते म्हणाले. "म्हणे, बाबा, मले नाई जायचं आता परत. मी म्हटलो, सरकारी नोकरी हाय, बोलावलं तं जा लागते. माह्याच एसटीत बसवून नेलो त्याले, गडचिरोलीले."

नको ते बोलून गेलो होतो. घरात भांडी घासण्याचा आवाज थांबला. शांताबाई तशाच ओल्या हातांनी बाहेर आल्या. आता या रडतील, नाहीतर भडकतील, असं मला वाटलं. पण त्या खाटेच्या कडेला भाऊंना लागून बसल्या.

"गाडीत काई बोलला का तो?" त्यांनी विचारलं.

"झोपला होता," भाऊ म्हणाले. "आष्टीपासून झोपला. मंग मी हॉर्नच नाई वाजवलो."