बिमार नाई, तर सुई कायले?

अंकुर चार महिन्यांचा होता आणि वर्षालीची झोप त्याच्या श्वासावर टांगलेली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "फ्लूची लस बाळाला सहा महिन्यांनंतर. तोवर घरातल्या मोठ्यांनी घ्या, आणि खोकणारं माणूस त्याच्याजवळ येऊ देऊ नका."

वर्षालीने लगेच फ्रिजवर यादी चिकटवली. नवरा नितेश ऑफिसला जाता जाता टोचून घेऊन गेला. सासूबाई, पार्वताबाई, कुरकुरत गेल्या. "आमी चार लेकरं वाढोली, कोनाच्या तोंडाले फडकं नाई बांधलं!" राहिले सासरे, किसनराव. ते सुईला इतके घाबरत, की शर्टाचं तुटलेलं बटणही दुसऱ्याकडून लावून घेत. पण नातवाला उचलायचं म्हटल्यावर तेही डोळे मिटून दंड पुढे करून आले.

संध्याकाळी त्यांचा दंड दुखू लागला, अंग थोडं कोमट झालं. एखाद दिवस असं होतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. तरी किसनराव चादर ओढून पुढच्या खोलीत आडवे झाले, आणि वर्षालीने खबरदारी म्हणून त्यांना मास्क लावला. नेमके तेव्हाच शेजारचे गोवर्धनकाका पेपर परत करायला आले. खिडकीतून त्यांनी चादर पाहिली, मास्क पाहिला, आणि पेपर पायरीवर ठेवून आल्या पावली परतले. त्यांच्याकडे साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर होते. अंकुरच्या बारशालाच त्यांनी ते हौसेनं टिपून घेतले होते.

सकाळी आठला बार्शीटाकळीची एक जीप दारात थांबली. नऊ माणसं उतरली. पुढे किसनरावांचे धाकटे भाऊ देवमन, हातात संत्र्यांची पिशवी. त्यांचा खोकला त्यांच्या आधी घरात शिरला.

किसनराव तेव्हा पोह्यांची दुसरी प्लेट खात होते.

"उठू नको भाऊ! पडून राय!" थोरल्या बहिणीनं, मैनाबाईंनी, त्यांच्या हातातली प्लेट काढून घेतली.

"अवं, मले काय झालं?"

"पाहा, त्याले सांगतलंच नाई," मैनाबाई मागे वळून हळूच म्हणाल्या. मागच्या दोघींनी पदर डोळ्यांना लावला.

"आत्या, बाबा ठणठणीत आहेत," वर्षाली म्हणाली. "फक्त लस घेतली."

"बिमार नाई, तर सुई कायले घेतली?" देवमननी विचारलं.

"बिमार पडू नये म्हणून, काका."

देवमन विचारात पडले. "म्हंजे पडनार होता!"

आता पदर चार झाले. किसनराव आपण धडधाकट असल्याचं दाखवायला उभे राहिले, तर दोघांनी त्यांना धरून पुन्हा खाटेवर बसवलं.

तेवढ्यात आत अंकुर रडला. नऊ माना एकदम वळल्या.

"नातू उठला वाट्टे! आना त्याले इकडे," म्हणत देवमन निघाले, आणि दोन पावलांवर खोकल्यानं वाकले. वर्षाली धावत जाऊन आतल्या दारात उभी राहिली. पण बोलायचं काय? ही माणसं पहाटे उठून, जीप करून, तिच्या सासऱ्यासाठी धावत आली होती. त्यांना कुठल्या तोंडानं अडवायचं?  काका अगदी समोर आले.

तेव्हा पार्वताबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या आणि कुणालाही कप न देता थेट अंगणात गेल्या.

"चहा भाईर हाये. समदे भाईर."

"काऊन वं वयनी?"

"घरात चार महिन्याचं लेकरू हाये. त्याची सुई व्हाचीच हाये अजून. तुमी खोकून राहिले, भाऊजी. त्याले लागलं तर तुमीच जिंदगीभर रडसान."

 देवमननी दुपट्टा नाकातोंडावर बांधला, एक खुर्ची उचलली आणि गेटपाशी नेऊन टेकवली.

मग वर्षालीनं अंकुरला घेऊन बंद खिडकीच्या काचेमागे उभं राहायचं ठरलं. आठ जणांनी बाहेरून रांग लावली. नाक आज्यावर, कान मैनाबाईंवर, असा निकालही लागला. गेटवरून देवमन हात हलवत होते. "मले दिसून राहिलं! झकास दिसून राहिलं!" निघताना तिघांनी दवाखान्याचा पत्ता विचारून घेतला.

कप धुताना वर्षाली म्हणाली, "आई, आज तुम्ही नसता तर... मला तर शब्दच फुटत नव्हता."

"थे राहू दे. तुयी सुई कधी झाली?"

वर्षालीनं फ्रिजकडे पाहिलं. तीन नावं, तीन खुणा. चौथं नाव तिनं लिहिलंच नव्हतं.

पार्वताबाई त्याच दुपारी तिला हाताला धरून घेऊन गेल्या आणि सुई टोचेपर्यंत तो हात त्यांनी सोडला नाही. संध्याकाळी वर्षालीचा दंड दुखायला लागला. सासूबाईंनी अंकुरला मांडीवर घेतलं, आणि चादर ओढून, स्वतःच्याच नियमाप्रमाणे मास्क लावून, वर्षाली पुढच्या खोलीत कितीतरी महिन्यांनी निवांत झोपली. गोवर्धनकाका पेपर परत करायला कधी येऊन गेले, तिला कळलंही नाही.

सकाळी वरूडहून आईचा फोन आला. "खरं सांग पोरी, काय झालं तुले? आमी गाडीत बसलो. तुये बाबा हायेत, मामा हाये, मोठी आई हाये..."

वर्षालीनं खुलासा करायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात अंगणातून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला.

"किती जन हायेत थे इचार," पार्वताबाई बाहेरून ओरडल्या, "आन खोकते कोन, थे बी इचार. त्याची गेटपाशी मांडतो."