ढालीचा नियम, पान एकेचाळीस

हातात ढाल असताना मनुष्याला चपळपणे लढता येते काय?

उत्तराची घाई करू नका. मी केली, आणि पिपरी मेघे येथील आमच्या घरात एका रविवारी दुपारी, जेवणे आटोपल्यावर, एका स्त्रीचा वध झाला. ती स्त्री कागदावरची होती. मात्र त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती कागदावरची नव्हती.

मी लक्ष्मणराव. बत्तीस वर्षे एका शाळेत पर्यवेक्षक होतो. परीक्षेच्या दालनात मी पाऊल ठेवले की पंखेसुद्धा हळू फिरत, असे माझे विद्यार्थी आजही सांगतात. (विजेचा दाब कमी असे, असे माझा मुलगा धनंजय म्हणतो. तोही माझाच विद्यार्थी होता, याचा येथे खेदाने उल्लेख करतो.) जो नियम पाळतो त्याला ईश्वर सांभाळतो, अशी माझी श्रद्धा आहे. जो दुसऱ्याकडून पाळून घेतो त्याला तो थोडे अधिक सांभाळत असावा.

खेळ आणला सूनबाईंनी. मंजुषा पुण्याला नोकरीस होती, तेव्हा तिला त्याची सवय लागली. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने आपला एक वीर कल्पावयाचा, त्याचे बळ, शस्त्रे आणि चपळाई एका कागदावर लिहावयाची. मंजुषा गोष्ट सांगणार, संकटे आणणार. आपण काय करतो ते आपण सांगावयाचे आणि वीस बाजूंचा फासा टाकून ते साधले की नाही ते पाहावयाचे. फाशांविषयी शास्त्राचे मत मला ठाऊक आहे. म्हणून देवापुढे दिवा लावल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही, ही अट मी घातली. रानडुकराच्या तोंडाचा राक्षसही मी नामंजूर केला, कारण वराह हा अवतार आहे. मंजुषाने त्याला मगरीचे तोंड दिले.

माझ्या वीराचे नाव धर्मपाल. पुरुषभर उंचीची लोखंडी ढाल आणि शुद्ध आचरण ही त्याची शस्त्रे. तेरा रविवारांत त्याला एक ओरखडाही उठला नाही. (तो पाच वेळा पळाला, असे धनंजय म्हणतो. तो पाच वेळा सुरक्षित स्थळी त्वरेने पोहोचला.)

माझ्या पत्नीच्या, म्हणजे मोहिनीच्या, वीरांगनेचे नाव बिजली. हातात बारीक तलवार, डाव्या मनगटावर ताटलीएवढी ढाल. आमच्या घरात कोणताही खेळ मांडला की मोहिनीची जागा स्वयंपाकघराच्या दारात असे. कोणाला पाणी हवे, कोणाला चिवडा, एवढाच तिचा डाव. या खेळात ती पस्तीस वर्षांत प्रथमच खाली बसली. पहिल्या रविवारी ती फासा दोन बोटांनी धरी. पाचव्या रविवारी तिने बिजलीचा कागद वर्ध्याला जाऊन लॅमिनेट करून आणला आणि देवघरातील पंचांगात ठेवला. शेजारच्या आनंदाबाईंना ती फाटकातून सांगू लागली, की रविवारी दुपारी मले येनं नाई जमनार, माही लढाई राह्यते.

हे सर्व चालू असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ही मंडळी नियम अंदाजाने पाळत होती. पुस्तक इंग्रजी, पाने तीनशे, आणि ते कोणी पूर्ण वाचलेले नव्हते, मंजुषानेही नाही. मला ते सहन होईना. एका मंगळवारी स्नान करून मी पुस्तक चौरंगावर ठेवले आणि पारायणास आरंभ केला. रोज एक पान, शब्दकोश जवळ घेऊन. कोणतीही पोथी मी आजवर याच पद्धतीने वाचली आहे. आजचे पान आज. उद्याचे पान आज उघडणे हा उतावळेपणा होय, आणि त्यात ग्रंथाचा अवमान आहे.

एकेचाळिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मला ढालीचा नियम सापडला. मी तो तीनदा वाचला. जो ढाल धारण करतो त्यास चपळ युद्धाचा लाभ मिळणार नाही. तेरा आठवडे मोहिनी दोन्ही लाभ घेत होती: ढालीचाही आणि चपळाईचाही. कोणाच्याही लक्षात आले नव्हते. माझ्या आले. त्या सकाळी मी आरती नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत म्हटली, असे मंजुषाने नंतर सांगितले.

मी ते जेवणाआधीच सांगावयास हवे होते. परंतु नियमभंग घडताना पकडावा, अशी मला बत्तीस वर्षांची सवय आहे.

शेवटची लढाई होती. धनंजयचा धनुर्धारी घायाळ होऊन पडला होता, धर्मपाल सुरक्षित स्थळी पोहोचला होता, आणि मगरमुखी राक्षसापुढे बिजली एकटी उभी होती. राक्षसाला जेमतेम एका घावाचा जीव उरला होता. त्याची पाळी होती. मंजुषा म्हणाली, सोळा किंवा अधिक पडले तरच बिजलीला वार लागेल. आणि लागला तर ती वाचणार नाही. मेलेल्या वीराचा कागद फाडावयाचा, हे पहिल्याच दिवशी ठरले होते. मोहिनीने पदर खोचला.

मी हात वर केला आणि पान एकेचाळीस वाचून दाखविले.

"बाबा, तुमी काऊन मधात येऊन राह्यले?" धनंजय म्हणाला. "होऊ द्या ना तिची लढाई."

मी म्हणालो की नियमाला आई-बाप नसतात.

मोहिनी माझ्याकडे पाहत होती. तिचे माहेर गिरडचे. वडिलांचा भाजीचा मळा होता आणि लग्नाआधी ती बाजारात बसत असे. ती शांतपणे म्हणाली, "मी गिरडच्या बाजारात एका हातात टोपल्याचं झाकन धरून गाई हाकलत होती, आन् दुसऱ्या हातानं वांगे तोलत होती. तवा माही चपळाई कोनं काढून घेतली नाई."

मी उत्तर दिले की बाजाराचा नियम वेगळा आणि पुस्तकाचा वेगळा. एक तर ढाल ठेवावी, नाही तर चपळाई.

"तं टाकली ढाल," ती म्हणाली.

ढाल गेली, तिचे बचावाचे दोन गुण गेले. आता राक्षसाला चौदा पुरे होते. मंजुषाने फासा टाकला. तो पंधरावर थांबला.

 धनंजयने कागद फाडण्याचा प्रयत्न केला, परंतु लॅमिनेट केलेला असल्याने तो फाटेना. मोहिनी उठली, आतून भाजीची कात्री घेऊन आली आणि तिनेच तो मधोमध कापला. मग सर्वांना चहा दिला. माझ्या चहात साखर बरोबर होती. (ज्यांचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली आहेत त्यांना हे किती गंभीर असते ते ठाऊक आहे.)

सोमवारी सकाळी पंचांग उघडले तर त्यात बिजलीचे दोन तुकडे होते. मी पंचांग मिटले आणि चौरंगापुढे बसलो. पान बेचाळीस. पहिलीच ओळ अशी होती: वरील नियम छातीएवढ्या अथवा त्याहून मोठ्या ढालीस लागू आहे, मनगटावर बांधावयाची लहान ढाल यास अपवाद असून, तिच्यासह चपळ युद्धाचा पूर्ण लाभ मिळतो.

मी चष्मा पुसला. ओळ तीच राहिली.

पुस्तक माझ्याशिवाय कोणी वाचत नव्हते. मी गप्प राहिलो असतो तर हे कोणाला कधीच कळले नसते. तो विचार माझ्या मनात दुपारी चारपर्यंत होता, हे मी ईश्वराला साक्षी ठेवून कबूल करतो. चारनंतर तो मी काढून टाकला. सायंकाळी दिवा लागल्यावर सर्वांना बसविले आणि उभे राहून, लिहून आणलेले निवेदन वाचले. बिजलीचा वध अन्यायाने झाला, दोष माझा, ग्रंथ निर्दोष आहे. निवेदन सव्वा पानाचे होते आणि त्यात प्रामाणिकपणावर एक परिच्छेद होता. तो चांगला उतरला होता.

मोहिनीचे डोळे भरले. धनंजयने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात असे क्षण थोडे येतात.

"पान पाहू, बाबा," मंजुषा म्हणाली.

मी म्हटले, त्याची आवश्यकता नाही, मी सारांश दिलेला आहे. परंतु तोपर्यंत पुस्तक तिच्या हातात गेले होते. (त्या पानाच्या तळाशी आणखी एक नियम होता. तो मला त्या दिवसाच्या विषयाशी संबंधित वाटला नव्हता.)

मंजुषाने वरची ओळ वाचली, मान हलविली, आणि मग तळाची ओळ वाचली: पुरुषभर उंचीची ढाल धारण करणाऱ्यास कोणत्याही परिस्थितीत धावता येणार नाही.

धनंजयने बोटांवर मोजले. एक हात पुरला.

पहिली धाव दुसऱ्या रविवारी होती, गुहेतील लांडग्यांपुढून. मंजुषाने आपली जुनी वही काढली आणि तो प्रसंग नियमाप्रमाणे पुन्हा पाहिला. धर्मपाल सात पावले चालला आणि लांडग्यांनी त्याला खाल्ले. म्हणजे माझा वीर अकरा आठवड्यांपूर्वीच मेला होता. त्यानंतर त्याने जो उपदेश केला, जे नेतृत्व केले आणि इतरांच्या ज्या चुका दाखविल्या, ते सर्व एका मृत मनुष्याने केले होते.

"तरीच," मोहिनी म्हणाली, "कोनी आयकत नव्हतं."

पुढच्या रविवारी बिजलीचे दोन तुकडे चिकटपट्टीने जोडले गेले. राक्षसाचा पंधरा तसाच धरला. तो तिच्या लहान ढालीवर आदळून निष्फळ झाला. मग मोहिनीने फासा मुठीत घेतला. दोन बोटांत नव्हे, मुठीत. एकोणीस पडले. मगरमुखी राक्षस कोसळला आणि घराबाहेर आनंदाबाईंनी फाटकावरून विचारले, की वैनी, जितल्या काय. मला अभिमान वाटला. पत्नीचा वाटला, सूनबाईंचा वाटला, आणि ज्या पारायणामुळे हा न्याय होऊ शकला त्याचाही थोडा वाटला.

माझा कागद मी स्वतः फाडला. तो लॅमिनेट केलेला नव्हता, पटकन फाटला. नव्या गोष्टीसाठी मी नवा वीर लिहू लागलो, तेव्हा मोहिनीने माझ्या हातातील पेन काढून घेतले. नव्या गोष्टीत बिजली सर्वांची नायिका होती, आणि शिक्षा देण्याचा अधिकार तिच्याकडे आला होता.

"बिजलीच्या सामानाले एक खेचर लागते," ती म्हणाली. "तुमी ते व्हा."

त्या दिवसापासून मी खेचर आहे. दोन तंबू, कढई आणि तिची सुटी ढाल माझ्या पाठीवर असते. खेचराने बोलू नये, असा नियम पुस्तकाच्या तीनशे पानांत कोठेही नाही. तो मोहिनीने घातला. मी हरकत घेण्यासाठी हात वर केला. खेचराला हात नसतात, असे धनंजय म्हणाला, आणि ते एकमताने मान्य झाले.