हसुरामकाकांची आवाजबंद चर्चा

हसुरामकाका टीव्हीवरची चर्चा आवाज बंद करून बघतात आणि सगळ्यांच्या वाटचं स्वतः बोलतात. काका मूळचे करावे गावातले, आता आमच्या सोसायटीत एकटे राहतात. संध्याकाळी सातला त्यांचं दार उघडं असतं आणि दोन्ही विंगची माणसं सतरंजीवर. पडद्यावर टायवाला बोट नाचवतो, काका बायकी आवाज काढतात, "माजी कोलंबी कुनी खाल्ली?" दाढीवाला हात जोडतो. "आईशपत वयनी, मांजरानं!"

"आवाज लावला की मानूस बिगडतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता माझं पाप सांगतो. आमच्या ए विंगला पाणी कमी येत होतं. मी मेव्हण्याच्या इमारतीतल्या भरून वाहणाऱ्या टाकीचा फोटो आमच्या विंगच्या ग्रुपवर टाकला. "ओळखीच्यानं पाठवलाय. बी विंगची टाकी म्हणे." त्या 'म्हणे'वर मी निर्धास्त होतो. तासाभरात फोटो सोसायटीभर फिरला. शेजाऱ्यांचे 'बीवाले' झाले. बीवाल्यांनी आमच्या पूजेचा शिरा परत पाठवला. आमच्या डॉक्टरबाई तर बीवाल्यांच्या कुत्र्याशीही बोलेनात. काकांची सतरंजी अर्धी रिकामी पडली.

मला राहवेना. काकांना खरं ते सांगितलं.

"मंग ग्रुपवर बोल ना."

"हिंमत नाही हो काका. लोक तोंडावर थुंकतील."

काकांनी स्वतःचा फोन घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर आवाजच पाठवला. "तो ओलखीचा मीच हाय. फोटो खोटा हाय. आपली टाकी नाय ती."

दोन्ही विंगांचं पहिल्यांदा एकमत झालं. "काका, वयाचा तरी विचार करा!" असं एवाल्यांनी लिहिलं, बीवाल्यांनी अंगठे दिले. डॉक्टरबाईंनी कुत्र्याला बिस्कीट घातलं.

"बग, झाले कं नाय एक!" काका खूश. मीही हसलो. तेही पापच.

दुसऱ्या दिवशी सातला गेलो. सतरंजी अंथरलेली, पण कुठल्याच विंगचं कुणी नाही. काका एकटेच टायवाल्याचं भांडण भांडत होते. मला बघून थांबले.

"लोकांना माजा आवाज लांबनं आयकू जात नसंल, नाय?"

मी खाली बसलो, फोन काढला. "ओळखीचा वगैरे कुणी नव्हता. तो खोटा फोटो माझाच. काकांनी माझं नाव झाकलं." पाठवलं. लगेच फोन टणटण वाजू लागला. माझ्याच्यानं बघवेना.

काका गुडघे धरत खुर्चीवरून उतरले आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसले.

"वाच," म्हणाले. "मी हाय."