पणजी सर्वांत जास्त बोलते

एन्कार्ना पणजींना नव्वदावे लागले, आणि वाढदिवसाला मक्याच्या पिठाचे पाचशे तमालेस उकडूनही पाहुण्यांना कमी पडले, त्याच वर्षी त्यांची पणती डेल्फिना शाळेत जाऊ लागली. टेक्ससच्या टोकाला, नदीकाठच्या त्या गावात शाळा एकच. तिथे पणजींची लेक ओतिलियाबाई सव्वीस वर्षे शिकवत होत्या. नुसती स्पॅनिश येणाऱ्या मुलांना स्पॅनिशमधूनच शिकवत इंग्रजीपर्यंत नेणारा वर्ग त्यांचा.

प्रवेशाच्या फॉर्मवर एक प्रश्न असे : घरात सर्वांत जास्त कोणती भाषा बोलली जाते? आईबाप लाजून 'इंग्रजी' लिहीत आणि मग पोर वर्षभर भलत्याच वर्गात मुक्यासारखे बसे. म्हणून दर ऑगस्टला बाई फाटकात उभ्या राहून सगळ्यांना बजावत, की खरे ते लिहा. शिवाय एकदा शाईने लिहिलेले उत्तर कुणाला खोडता येणार नाही, असा नियमही त्यांनी भांडून करून घेतला होता.

बाईंचा मुलगा रामिरो, डेल्फिनाचा बाप, याने खरे ते लिहिले. घरात तो ट्रक चालवून दमलेला म्हणून गप्प, बायको फोनमध्ये गप्प, डेल्फिना टीव्हीपुढे गप्प, बाई वह्या तपासत गप्प. बोलत कोण, तर पणजी. पहाटेपासून निजेपर्यंत, स्पॅनिशमध्ये, आणि बाईंचे 'हो आई' सोडले तर कुणी उत्तर देत नसताना. रामिरोने विचार करून लिहिले : स्पॅनिश.

मग नियमाप्रमाणे मुलीची इंग्रजीची परीक्षा झाली. डेल्फिनाचे पुढचे दोन दात आदल्याच आठवड्यात पडले होते आणि चुलतभाऊ तिला 'उघडं गॅरेज' म्हणत होता. परीक्षकाने चौदा चित्रे दाखवली. तिने ओठ काही उघडले नाहीत. गुण शून्य.

सोमवारी ती आजीच्याच वर्गात, होंडुरासहून आलेल्या नोएमीशेजारी येऊन बसली. स्पॅनिशचा एक शब्द डेल्फिनाला येत नव्हता. हे गावाला कळले असते, तर बाईंची सव्वीस वर्षांची अब्रू एका दुपारीत गेली असती. लहानपणी शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल बाईंनी छड्या खाल्ल्या होत्या. पोराच्या वाट्याला ते नको, म्हणून रामिरोशी त्या जन्मभर इंग्रजीतच बोलल्या. लोकांच्या पोरांची भाषा जपली आणि दिव्याखाली अंधार राहिला.

"आई, खोडून टाक ना ते," रामिरो म्हणाला.

"खोडता येत नाही."

"असला नियम कोणी केला?"

बाई भांडी घासायला उठल्या.

आता शाळेची सगळी पत्रे रामिरोला स्पॅनिशमध्ये येऊ लागली. त्याला ती वाचता येईनात. मग दुपारी शाळेत आपणच लिहिलेले पत्र बाई संध्याकाळी त्याला इंग्रजीत समजावून सांगत. या धावपळीत वर्गात नोएमी आणि डेल्फिना दिवसभर काय कुजबुजतात, तिकडे त्यांचे लक्ष राहिले नाही.

फेब्रुवारीत जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. एव्हाना दात उगवले होते. ऑगस्टमध्ये शून्य मिळवणाऱ्या मुलीने त्यांना कुत्र्याच्या जुलाबापासून शेजारणीच्या घटस्फोटापर्यंत सगळे इंग्रजीत सांगितले. साहेब थक्क झाले.

"सहा महिन्यांत! उच्चार तर इथेच जन्मल्यासारखे."

"ती इथेच जन्मली आहे, साहेब. माझीच नात आहे."

साहेबांचे डोळे पाणावले. बाई प्रत्येक मुलाला नात मानतात, असे त्यांनी अहवालात लिहिले. बाईंना सन्मानपत्र मिळाले आणि त्यांची पद्धत शिकायला नऊ शाळांचे शिक्षक येऊ लागले. बाई त्यांना कॉफी पाजून परत पाठवत.

मे महिन्यात अखेर सुटकेचे पत्र निघाले. मुलीचे इंग्रजी पुरे झाले. तिला या वर्गातून काढावे की ठेवावे, ते घरच्यांनी लिहून द्यावे. बाई पत्र आणि पेन दोन्ही घेऊन घरी आल्या. रामिरोने पेन उघडलेही. तेवढ्यात डेल्फिनाने कागद ओढला, पणजींच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्पॅनिशमध्ये खडाखडा वाचून दाखवला. पणजींना अक्षर येत नव्हते. अधूनमधून त्या प्रश्न विचारत होत्या आणि मुलगी उत्तरे देत होती.

रामिरोचे पेन हातातच राहिले. दोघी काय बोलतात, ते त्याला कळत नव्हते.

"कार्टी होंडुरासवाल्यांसारखी बोलते," पणजी लेकीला म्हणाल्या. "पण बोलते तरी. रोज दुपारी माझ्याशी बोलते. तुझ्या पोरानं पस्तीस वर्षांत मला 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही."

बाईंनी रामिरोच्या हातातले पेन घेतले.

"काढू नका, असं लिही," पणजी म्हणाल्या. "आणि शाईनं लिही."

बाईंनी लिहिले.

एन्कार्ना पणजी त्याच उन्हाळ्यात, नऊ ऑगस्टला, गुरुवारी दुपारी, शाळा उघडायच्या चार दिवस आधी वारल्या.